पिसाळलेल्या जनावराचा दंश आणि शेतकऱ्याचें कर्तव्य

शेतकऱ्याच्या मळ्यांत बैलाइतकाच जुना सोबती जर कोणी असेल तर तो कुत्रा होय. खळ्यावर रास पडली असतां रात्रीची राखण तोच करतो, मेंढरांच्या वाड्यापासून लांडगा तोच दूर ठेवतो, आणि वस्तीवर परका मनुष्य आला तर पहिली वर्दी त्याचीच लागते. अशा या इमानी जनावराच्या दांतांतून मनुष्यास कधीं कधीं असा एक रोग जडतो कीं, त्याचीं लक्षणें एकदां उघड झालीं म्हणजे आजच्या सुधारलेल्या वैद्यकासही रोग्याचे प्राण वांचवितां येत नाहींत. जगांत अशा अवस्थेंतून वांचलेले रोगी बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. हा रोग म्हणजे अलर्करोग होय. डॉक्टर लोक यास रेबीज म्हणतात, आणि आपल्या गांवांत ‘पिसाळलेलें कुत्रें चावलें’ एवढ्या शब्दांनीं त्याची ओळख लहानथोरांस पटते.

मनुष्याच्या मेंदूस व मज्जातंतूंस ग्रासणारे संसर्गजन्य रोग पुष्कळ आहेत. मेंदूज्वर, पोलिओ व धनुर्वात हीं नांवें वाचकांच्या परिचयाचीं असतीलच. परंतु त्या सर्वांत अलर्करोगाची गोष्ट निराळी आहे. लक्षणें दिसूं लागल्यावर तो जवळजवळ निश्चितपणें मारतो, आणि लक्षणें दिसण्यापूर्वीं योग्य उपाय झाल्यास तो जवळजवळ निश्चितपणें टळतो. म्हणजे मरण व जीवित यांमधील सारें अंतर चावा बसल्यानंतरच्या पहिल्या कांहीं तासांत घरधनी काय करतो यावर अवलंबून आहे. हीच एक गोष्ट वाचकांच्या मनावर ठसावी, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें ५९,००० माणसें या रोगानें मरतात, व त्यांत पंधरा वर्षांखालील मुलांचा भाग शेंकडा चाळिसाच्या आसपास असतो. भारतांतील पंधरा राज्यांत २०२२-२३ सालीं जी पाहणी झाली तिच्यावरून आपल्या देशांतील वार्षिक मृत्यु सुमारें ५,७०० असावेत असें अनुमान निघालें. त्याच पाहणींत असेंही आढळलें कीं, कुत्रें चावलेल्या माणसांपैकीं सुमारें एक-पंचमांश लोकांनीं लस मुळींच घेतली नव्हती. हे मृत्यु औषध नसल्यामुळें ओढवत नाहींत. ते बहुधा दिरंगाईमुळें ओढवतात, आणि म्हणूनच ते अधिक दुःखदायक वाटतात.

रोगाचें बीज व त्याची वाट

या रोगाचें बीज म्हणजे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा एक अतिसूक्ष्म विषाणु होय. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेंत तो असतो. जनावर चावलें, नखानें ओरबाडलें, किंवा अंगावरील ताज्या जखमेस, डोळ्यास अथवा ओंठास त्यानें चाटलें, म्हणजे लाळेबरोबर हा विषाणु आपल्या शरीरांत शिरतो. धडधाकट, न फाटलेल्या कातडीवरून मात्र तो आंत जाऊं शकत नाहीं.

आंत शिरल्यावर तो काय करतो हें शेतकऱ्यास समजण्यास कठीण नाहीं. इतर पुष्कळ रोगांच्या जंतूंप्रमाणें हा रक्तांतून सर्वांगभर पसरत नाहीं. चाव्याच्या जागच्या मांसांत कांहीं काळ दबून राहून तो जवळच्या मज्जातंतूंत शिरतो, आणि त्या तंतूच्या वाटेनें पृष्ठरज्जूकडे व तेथून मेंदूकडे सरकत जातो. विहिरीवरील मोट किंवा पंप चालूं केल्याबरोबर पाणी टोकाच्या वाफ्यांत पोंचत नाहीं; तें पाटानें पाटानें चालत जातें. त्याचप्रमाणें हा विषाणुही आपल्या पाटानेंच जातो, आणि त्याची चाल दिवसास एक-दोन सेंटिमीटरांपासून फार तर कांहीं सेंटिमीटर एवढीच असते. या कारणानें चावा बसल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत बहुधा दोन-तीन महिने जातात. क्वचित् आठवड्याभरांतच लक्षणें दिसतात, तर क्वचित् वर्षही लोटतें. पायाचा चावा मेंदूपासून लांब, म्हणून वाट लांब. तोंडावरचा, मानेवरचा किंवा बोटांवरचा चावा अधिक घातक, कारण मस्तक व मान मेंदूच्या अगदीं जवळ, आणि बोटांत मज्जातंतूंचें जाळें फार दाट. लहान मुलें उंचीनें ठेंगणीं असल्यामुळें कुत्र्याचा दांत त्यांच्या तोंडास व मानेस सहज लागतो. मुलांचे मृत्यु अधिक होण्याचें हें एक कारण होय.

ज्यास पाणी द्यावयाचें नाहीं अशा वाफ्यांत पाणी शिरूं नये म्हणून दारें धरणारा मनुष्य काय करतो? तो पाणी येण्यापूर्वींच माती लावून दार बंद करतो. पाणी एकदां वाफ्यांत भरल्यावर दार लावण्यांत कांहीं अर्थ नसतो. लस ही या वाटेवरील दार बंद करण्याची युक्ति आहे. विषाणु मेंदूंत पोंचला म्हणजे तो तेथें झपाट्यानें वाढतो, मग उलट वाटेनें लाळेच्या पिंडांत उतरतो, आणि तेथपासून कोणतेंही औषध उपयोगी पडत नाहीं. विषाणूची ही सावकाश चाल हीच मनुष्यास मिळालेली मुदत होय. परंतु ती मुदत नेमकी किती दिवसांची आहे हें कोणत्याही रोग्याच्या बाबतींत अगोदर सांगतां येत नसल्यामुळें, ती आजच संपणार आहे असें समजून वागणें हेंच शहाणपणाचें.

मनुष्यांतील लक्षणें

कधींच भरून आलेल्या, विसरलेल्या जखमेच्या जागीं प्रथम मुंग्या येतात, खाज सुटते किंवा आग होते. त्याबरोबर थोडा ताप, डोकेदुखी व बेचैनी असते, आणि घरची माणसें साधा ज्वर समजून काढा देतात. पुढें दोन-चार दिवसांत खरें रूप प्रकट होतें. पाण्याचा पेला ओंठाजवळ नेतांच घशाचे स्नायु आवळून येतात व रोगी घाबरून पेला लोटून देतो. तोंडावर वाऱ्याची झुळूक आली तरी तसाच झटका येतो. तहान तर प्राणांतिक असते, पण पाण्याचा घोट घशाखालीं उतरत नाहीं. यावरूनच या रोगास जलसंत्रास हें नांव पडलें. सर्वांत करुण गोष्ट ही कीं, झटक्यांच्या मधल्या वेळांत रोगी पुष्कळदां पूर्ण शुद्धीवर असतो, आपल्या माणसांस ओळखतो, त्यांच्याशीं बोलतो. थोड्याच दिवसांत हा खेळ संपतो. पांचांतील सुमारें एका रोग्यास मात्र हें कांहींच होत नाहीं; त्याचें अंग चाव्याच्या बाजूपासून हळूहळू लुळें पडत जातें, आणि हा दुसराच कांहीं रोग आहे असा भ्रम होतो. शेवट तोच.

आपल्या पूर्वजांस हें ठाऊक होतें. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत पिसाळलेल्या कुत्र्याकोल्ह्यांचें वर्णन असून, ज्या रोग्यास पाण्याचें भय वाटूं लागलें तो असाध्य समजावा, असा निर्णय ग्रंथकारानें दिला आहे. त्या निर्णयांत आजपर्यंत फारसा फरक पडलेला नाहीं. फरक पडला तो पाण्याचें भय वाटूं लागण्यापूर्वींच्या उपायांत.

मेंढपाळाच्या मुलाची गोष्ट

तो फरक कसा पडला, याचा इतिहास शेतकऱ्यांनीं जाणण्यासारखा आहे, कारण त्याच्या आरंभीं एक मेंढपाळाचा मुलगा उभा आहे. फ्रान्स देशांतील लुई पाश्चर या रसायनशास्त्रज्ञानें पिसाळलेल्या सशांच्या पृष्ठरज्जूचे तुकडे वाळवून त्यांतील विषाचा जोर कमी करण्याची युक्ति शोधून काढली, आणि तें सौम्य झालेलें द्रव्य टोंचून कुत्र्यांस रोगापासून वांचवितां येतें असें पाहिलें. मनुष्यावर प्रयोग करण्यास मात्र तो कचरत होता. १८८५ सालच्या जुलै महिन्यांत आल्सास प्रांतांतील जोसेफ मैस्टर नांवाचा नऊ वर्षांचा मुलगा, अंगावर ठिकठिकाणीं चावे बसलेला असा, त्याच्याकडे आणण्यांत आला. चाव्यास दोन दिवस झाले होते. पाश्चरनें धीर करून डॉक्टरांकडून त्यास दहा-अकरा दिवसांत तेरा वेळां टोंचून घेतलें. मुलगा वांचला.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत ज्युरा प्रांतांतील विलेर-फार्ले या खेड्याजवळ कांहीं मुलें मेंढरें राखीत असतां एक पिसाळलेला कुत्रा त्यांच्यावर धांवून आला. त्यांतील सर्वांत मोठा झां-बाप्तीस्त ज्युपील हा पंधरा वर्षांचा मुलगा लहान मुलांस पळावयास सांगून स्वतः कुत्र्यास आडवा झाला. हातांचे लचके तुटत असतां त्यानें चाबकाच्या वादीनें कुत्र्याचें तोंड आवळून बांधलें आणि पायांतील लांकडी जोड्यानें त्यास ठार केलें. पाश्चरचा उपचार सुरू होण्यास सहा दिवस गेले होते, तरीही ज्युपील वांचला. त्या झटापटीचा पुतळा पॅरिस येथील पाश्चर संस्थेच्या आवारांत उभा आहे. सहा दिवसांच्या उशिरानंतरही उपचार लागूं पडला, याचें कारण विषाणूची ती सावकाश चाल. उशीर झाला म्हणून निराश होऊन घरीं बसूं नये, हा या गोष्टीचा बोध आहे. उशीर केला तरी चालतें, हा नव्हे.

भारतांत १९०० सालीं कसौली येथें व १९०७ सालीं कुन्नूर येथें पाश्चर संस्था निघाल्या. कसौली येथें डेव्हिड सेम्पल यानें १९११ सालीं मेंढराच्या मेंदूपासून एक लस तयार केली, आणि पुढें जवळजवळ शंभर वर्षें आपल्या देशांत तीच चालली. ‘पोटांत चौदा इंजेक्शनें’ ही जी दहशत आपल्या गांवांतून अजून ऐकूं येते ती याच लशीची. तिनें असंख्य लोक वांचविले. पण तीं इंजेक्शनें दुखत, दररोज घ्यावीं लागत, आणि क्वचित् त्या लशीमुळेंच रोग्याच्या मज्जातंतूंस इजा होई. २००४ साल संपतांना ती लस आपल्या देशांत बंद करण्यांत आली. ही गोष्ट प्रत्येक वाचकानें आपल्या शेजाऱ्यास सांगावी, कारण त्या जुन्या चौदा सुयांच्या भीतीनें आजही माणसें दवाखान्याकडे पाठ फिरवितात.

आजची लस प्रयोगशाळेंत वाढविलेल्या पेशींवर तयार होते. ती दंडांत देतात, पोटांत नव्हे. पहिला दिवस शून्य धरला असतां, सरकारी दवाखान्यांत बहुधा कातडीच्या थरांत ०, ३, ७ व २८ या दिवशीं देतात. स्नायूंत द्यावयाची झाल्यास ०, ३, ७, १४ व २८ या दिवशीं. सरकारी दवाखान्यांत ती फुकट मिळते. गर्भवती स्त्री, अंगावर पिणारें मूल व वृद्ध मनुष्य यांसही ती देतां येते.

चावा बसल्याबरोबर काय करावें

१. सर्व कामें टाकून जखम वाहत्या पाण्याखालीं धरावी व साबण लावून पुरीं पंधरा मिनिटें धुवावी. विषाणूच्या अंगावर स्निग्ध पदार्थाचें पातळ वेष्टन असतें. गाडीच्या वंगणानें माखलेला हात जसा नुसत्या पाण्यानें निघत नाहीं पण साबणानें निघतो, तसेंच हें वेष्टन साबणानें विरतें व विषाणु मरतो. मळ्यांत पंपाचें पाणी व कपडे धुण्याचा साबण एवढ्यावर हें काम होतें. त्यानंतर आयोडीनयुक्त औषध असल्यास लावावें.

२. जखमेवर हळद, चुना, मिरचीची पूड, तेल, मीठ किंवा पाला लावूं नये, व डाग देऊं नये. यांनीं विषाणु मरत नाहीं. उलट जखम चिडते व तो मज्जातंतूंत शिरण्यास साह्य मात्र होतें. जखम घट्ट बांधूं नये, आणि टांके घालण्याची घाई करूं नये.

३. त्याच दिवशीं प्राथमिक आरोग्य केंद्र गांठावें. कातडी फाटून रक्त आलें असेल, किंवा डोळा, तोंड वा जखम यांस लाळ लागली असेल, तर नुसती लस पुरत नाहीं. लशीचें बळ अंगांत येण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. तोंपर्यंत विषाणूस जागींच अडविण्यासाठीं जखमेंत व भोंवतीं ‘इम्युनोग्लोब्युलिन’ नांवाचें सीरम टोंचावें लागतें. तें पहिल्याच दिवशीं मिळावें. लशीची पहिली मात्रा घेऊन सात दिवस लोटल्यावर त्याचा उपयोग नाहीं. जवळच्या केंद्रांत तें नसल्यास लशीची पहिली मात्रा तेथेंच घेऊन लगोलग मोठ्या सरकारी रुग्णालयांत जावें. डॉक्टरांस ‘सीरम लागेल काय?’ असा प्रश्न स्वतः विचारण्यास संकोचूं नये.

४. ओरखडा लहान आहे, रक्त आलें नाहीं, पिल्लूच आहे, घरचेंच कुत्रें आहे, अशा सबबी सांगूं नयेत. पिल्लांनाही हा रोग होतो, आणि कुत्र्याच्या लाळेंत विषाणु त्याचीं लक्षणें दिसण्यापूर्वीं कांहीं दिवस उतरलेला असतो. चावलेलें कुत्रें वा मांजर दहा दिवस नजरेखालीं ठेवावें. तें त्या मुदतींत धडधाकट राहिलें तर पुढील मात्रांविषयीं डॉक्टर सांगतील. परंतु दहा दिवस वाट पाहून मग उपचार सुरू करणें ही घोडचूक होय. कोल्हा, लांडगा, मुंगूस अशा रानटी जनावराचा चावा असल्यास या दहा दिवसांच्या हिशोबास कांहींच अर्थ नाहीं.

५. सर्व मात्रा ठरल्या दिवशीं पुऱ्या कराव्या. जखम भरली म्हणून मधेंच सोडूं नयेत. पूर्वीं पुरा क्रम घेतलेल्या मनुष्यास पुन्हां चावा बसल्यास दोनच मात्रा, ० व ३ या दिवशीं, पुरतात. सीरम लागत नाहीं.

गोठ्यांतील धोका

कुत्र्याविषयीं लोक सावध तरी असतात. गुरांविषयीं ती सावधगिरी फारशी आढळत नाहीं, म्हणून याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों.

रात्रीं गायरानांत किंवा मळ्यांत एखाद्या गाईस अथवा बैलास पिसाळलेलें कुत्रें किंवा कोल्हा चावून जातो. कोणी पाहिलेलें नसतें. जखम बारीक असते, ती भरून येते, आणि कांहीं आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं जनावर चारा सोडतें व रवंथ बंद करतें. दुभतें असल्यास दूध तुटतें. आवाज घोगरा होऊन तें सारखें हंबरत राहतें. तोंडांतून लाळेच्या तारा गळतात, शेणासाठीं तें वरचेवर कुंथतें, आणि मागचे पाय लटपटूं लागतात. गुरूं पिसाळलें म्हणजे तें कुत्र्याप्रमाणें अंगावर धांवून येतेंच असें नाहीं. पुष्कळदां तें एका जागीं खिन्न उभें असतें. गिळतां येत नाहीं व लाळ गळते हें पाहून मालकास वाटतें कीं, घशांत खोड किंवा वैरणीचा गोळा अडकला. मग तो जबडा फांकून कोंपरापर्यंत हात आंत घालतो आणि चांचपून पाहतो. ज्या हातांवर उसाच्या पाचटाचे व बाभळीच्या कांट्यांचे ओरखडे रोजचेच, तो उघडा हात विषाणूनें भरलेल्या लाळेंत बुडतो. शेजारचे दोघे-तिघे जबडा धरावयास आलेले असतात, आणि बांबूच्या नळीनें औषध पाजणाराचेही हात तसेच माखतात. जनावर बहुधा थोड्याच दिवसांत मरतें. ‘कांहीं लागलें असेल’ असें म्हणून लोक विसरून जातात. त्या लाळेनें कोणास बाधा झाली असेल, तर ती कळते त्यानंतर कित्येक आठवड्यांनीं, आणि तेव्हां फार उशीर झालेला असतो.

यासाठीं नियम एकच ठेवावा. लाळ गाळणाऱ्या व गिळूं न शकणाऱ्या जनावराच्या तोंडांत उघडा हात कदापि घालूं नये. त्यास वेगळें बांधून गुरांच्या दवाखान्यांतील पशुवैद्यास बोलवावें. ज्यांच्या हातांस लाळ लागली असेल त्या सर्वांनीं साबणानें हात धुवून दवाखान्यांत जावें, व लागल्यास लस घ्यावी. आजारी जनावराचें दूध टाकून द्यावें. तें पूर्वीं उकळून प्यालें गेलें असेल तर भिण्याचें कारण नाहीं, कारण उकळल्यानें विषाणु मरतो. जनावर मेल्यास कातडें न सोडवितां, उघड्या हातांनीं न हाताळतां, खोल खड्डा खणून पुरावें. ओढ्याकांठीं टाकलेलें मढें म्हणजे गांवच्या कुत्र्यांस व कोल्ह्यांस निमंत्रणच होय.

गुरास चावतांना कुत्रें दिसलें असेल तर मात्र आशेस जागा आहे. जखम त्याच रीतीनें साबणानें धुवावी. ती धुतांना रबरी हातमोजे घालावे, नसल्यास हातास प्लास्टिकची पिशवी बांधावी. मग पशुवैद्याकडून ताबडतोब लशीचा क्रम सुरू करावा. त्या लशीचा खर्च बैलजोडीच्या किंवा दुभत्या म्हशीच्या किंमतीपुढें कांहींच नाहीं.

मालकाचें कर्तव्य

आतां जें सांगावयाचें तें जमीनधारक या नात्यानें आपणां सर्वांस उद्देशून आहे. वस्तीवर कुत्रें पाळणारे आपण, पण त्याचा दांत बहुधा बसतो तो सालगड्याच्या पायास, गुरें राखणाऱ्या पोरास, किंवा हंगामांत आपल्या उसाच्या फडाशेजारीं पालांत उतरलेल्या ऊसतोड कामगारांच्या लेंकरास. या माणसांस दवाखान्याचा रस्ता माहीत नसतो असें नाहीं. पण लशीच्या क्रमासाठीं चार-पांच खेपा घालणें म्हणजे त्यांची तितक्या दिवसांची मजुरी बुडणें होय. पहिली खेप होते, दुसरी होते, तिसऱ्या वेळीं कांद्याची काढणी किंवा फडाची तोड आडवी येते, आणि जखम तर भरलेली दिसते. अशा रीतीनें क्रम अर्धाच राहतो. तोड संपून टोळी दुसऱ्या गांवीं हलली तर पुढच्या मात्रेची आठवण करून देणाराही कोणी उरत नाहीं.

म्हणून आमची विनंति अशी आहे कीं, आपल्या शेतावर काम करणाऱ्या मनुष्यास किंवा त्याच्या मुलास चावा बसला तर त्या दिवशीं आपली गाडी जुंपावी किंवा मोटारसायकल काढावी, आणि स्वतः त्यास दवाखान्यांत न्यावें. पुढच्या मात्रांच्या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्या. त्या दिवसांची मजुरी कापूं नये. टोळी हलणार असेल तर दवाखान्याचा कागद मुकादमाच्या हातीं देऊन पुढच्या गांवीं मात्रा कोठें मिळेल तें विचारून द्यावें. चार दिवसांच्या मजुरीकरितां एखाद्या घरचा कर्ता किंवा लेंकरूं जावें, आणि तें आपल्या कुत्र्याच्या दांतानें जावें, याहून मोठें ओझें मनावर घेऊन जगणें कोणास आवडेल?

दुसरें, घरच्या मुलांविषयीं. कुत्र्याची खोडी काढली म्हणून मार बसेल या भीतीनें मुलें चावा लपवितात. ज्या घरांत चावा सांगितल्याबद्दल मुलास मार मिळतो, त्या घरांत पुढचा चावा सांगितला जात नाहीं. मुलांस इतकेंच शिकवावें कीं, कोणतेंही जनावर चावलें, ओरबाडलें किंवा त्यानें जखमेस चाटलें, तर धांवत घरीं येऊन सांगावें. कोणी रागावणार नाहीं.

रोग मुळांतच तोडण्याचा उपाय

शेवटीं, पिकावरील कीड जशी पानावर नव्हे तर अंड्यांतच मारणें स्वस्त पडतें, तसें या रोगाचेंही आहे. मनुष्यास होणाऱ्या अलर्करोगांपैकीं शेंकडा नव्व्याण्णव कुत्र्यांपासून होतात. म्हणजे कुत्र्यांस लस दिली कीं रोगाचें मूळच तुटतें. पिल्लूं तीन महिन्यांचें होतांच पहिली लस, नंतर पशुवैद्य सांगतील तेव्हां दुसरी, व पुढें दरवर्षीं एक, एवढाच हा खर्च आहे. दिसेल तें कुत्रें मारीत सुटल्यानें रोग जात नाहीं, कारण मोकळ्या झालेल्या जागेंत शेजारच्या शिवारांतील लस न घेतलेलीं कुत्रीं येऊन बसतात. एखाद्या टापूंतील शेंकडा सत्तर कुत्र्यांस लस मिळाली म्हणजे रोगाची सांखळी तुटते, असा जगभरचा अनुभव आहे.

हा अनुभव आपल्या शेजारींच, गोव्यांत, आलेला आहे. तेथील सरकारनें मिशन रेबीज या संस्थेच्या साह्यानें गांवोगांव जाऊन, मोकाट कुत्रीं जाळीनें धरून व पाळलेलीं मालकांकडून आणवून, त्यांस वर्षामागून वर्ष लस टोंचली. शाळांतून मुलांस चाव्याविषयीं शिकविलें आणि संशयित कुत्र्यांच्या वर्दीसाठीं व्यवस्था ठेवली. याचें फळ असें कीं, २०१८ व २०१९ या दोन वर्षांत गोव्यांत या रोगानें एकही मनुष्य दगावला नाहीं, आणि २०२१ सालीं तें राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालें. त्याच वर्षीं केंद्र सरकारनेंही २०३० सालापर्यंत कुत्र्यांपासून होणारा हा रोग देशांतून घालविण्याची योजना प्रसिद्ध केली. ही योजना केवळ सरकारी कागदावर पुरी होणार नाहीं. ग्रामपंचायतीनें वर्षांतून एक दिवस ठरवून, पशुवैद्यास बोलावून, गांवांतील व वस्त्यांवरील सर्व कुत्र्यांस लस देवविली तरच ती पुरी होईल. पाश्चर ज्या दिवशीं वारला तो २८ सप्टेंबर हा दिवस जगभर या रोगाचा स्मरणदिन म्हणून पाळतात. आपल्याकडे त्या सुमारास पावसाळा सरत आलेला असतो, आणि हा दिवस या कामास सोईचा आहे.

शेतकरी बंधूंनो, दुष्काळ, गारपीट व बाजारभाव या आपल्या हातच्या गोष्टी नाहींत. परंतु साबणाची वडी, पंधरा मिनिटें वाहतें पाणी आणि त्याच दिवशीं दवाखान्याची वाट, या तिन्ही गोष्टी आपल्या हातच्या आहेत. पाणी पाटांत आहे तोंवरच दार धरावें. वाफा भरल्यावर कुदळ उचलून उपयोग नाहीं.